भरलेला परत आलेला डबा

मित्रांनो, सुंदरबाई गेली हे कळलं त्या सकाळी मी एस.टी.त होतो, लाँच चालवणाऱ्या चांगदेवच्या मांडीवर. डिंभ्याहून घोडेगावला येणारी गाडी उशिरा आली होती आणि आत उभं राहायलाही जागा नव्हती. चांगदेवने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. मी भरलेला होतो. आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, कारण त्याने मला उघडलं नव्हतं. दुसऱ्याचा भरला डबा उघडू नये, असं त्याला लहानपणीच शिकवलेलं होतं.

मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, चार पुडांचा. चार भांडी एकावर एक, वर झाकण, दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पट्ट्या आणि उचलायला मूठ. एक पट्टी थोडी वाकली आहे.

घोडेगावच्या स्टँडवर उतरून चांगदेवने इंदरचंद शेठचं कापडाचं दुकान विचारलं. दुकान सापडलं, पण भर बाजाराच्या दिवशी त्याचं शटर खाली होतं. वर राहतं घर होतं. खाली ओट्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. चांगदेव थांबला. आतून बंटी आला, इंदरचंदचा मुलगा. बंटी नाव असलं तरी तो चाळिशीचा आहे आणि त्याचे केस पांढरे व्हायला लागले आहेत.

"डबा ऱ्हायला व्हता लाँचीत," चांगदेव म्हणाला. "ताईंचा हाय."

बंटीने माझ्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. तो आपल्या आईला बाई म्हणायचा, त्यांच्या घरात तशीच पद्धत आहे. तो म्हणाला, "बाई गेली, भाऊ. पहाटे, मंचरच्या दवाखान्यात."

चांगदेवला मला खाली ठेवता येईना आणि धरूनही उभं राहता येईना. मग मागून सुंदरबाईचा नवरा इंदरचंद आला. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, पायात काही नाही. त्याने मला घेतलं आणि वजनावरूनच त्याला समजलं.

"भरलेलाच आहे," तो म्हणाला.

हे आधी सांगितलं, कारण आता जे सांगणार आहे त्यात हसणं-खेळणं बरंच आहे. ते वाचताना शेवट ठाऊक असलेला बरा. मी घरच्यांबद्दल एकेरीत बोलतो, त्याचा राग मानू नका. इतकी वर्षं त्यांच्या हातात राहिलो की अहो-जाहो करायचं सुचत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. पत्रा कापला, दाबला, घासला, एवढं आठवतं. मग जुन्नरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी टांगलेला होतो. त्या काळी स्टीलचा डबा म्हणजे मोठी गोष्ट होती. एक दिवस आंबेगावहून एक बाई आली. तिच्या मुलीचं लग्न होतं. तिने मला बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं आणि आवाज ऐकून मान हलवली. दुकानदाराने नाव घालायची मशीन काढली. तिची सुई थरथरत चालते आणि भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटतात. त्याने विचारलं, नाव काय घालू. ती म्हणाली, सुंदरबाई इंदरचंद. गाव? ती म्हणाली, आंबेगाव.

दुकानदार थांबला. लेक घोडेगावला दिली आहे ना, मग घोडेगाव घालायला नको का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "माझंच गाव घाला. डब्याला परत कुठे यायचं ते कळलं पाहिजे."

तेव्हापासून माझ्या अंगावर ते गाव आहे.

मी तेवीस-चोवीस वर्षं घोडेगाव ते आंबेगाव अशा खेपा केल्या. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. सुंदरबाई मला भरून माहेरी पाठवायची आणि तिची आई मला भरून परत पाठवायची. कंडक्टर मला ओळखायचा. माणूस सोबत नसला तरी तो मला सीटखाली ठेवून नेत असे. वरच्या पुडात दशम्या, मग भाजी, मग कधी कढी कधी खिचडी, आणि तळाच्या पुडात कायम गोड. लेकीच्या डब्याच्या तळाशी गोड असावं, असं आईचं म्हणणं होतं. बहुतेक वेळा गुळातली लापशी असायची.

सुट्टीत सुंदरबाई माझ्याबरोबर माहेरी जायची. त्या घरातली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. हे लोक जैन आहेत. दिवस मावळल्यावर ते जेवत नाहीत. कडक पाळणारे पाणीही घेत नाहीत. घोडेगावला इंदरचंदच्या घरी यासाठी कॅलेंडर होतं. त्यात रोजच्या सूर्यास्ताची वेळ छापलेली असते आणि तिच्या आत जेवण उरकायचं. आंबेगावला सुंदरबाईच्या आईकडे कॅलेंडर नव्हतं. चारी बाजूंनी डोंगर. तिथे सूर्य घड्याळाच्या बराच आधी डोंगराआड जातो. आई दारात उभी राहून डोंगराकडे बघायची. सूर्य कड्याला टेकला की म्हणायची, "चला, ताटं घ्या." आणि तो आड गेला की चूल विझलेली असायची. मग कितीही उजेड असो.

नंतर धरण झालं. डिंभ्याचं पाणी वर चढत आलं आणि आंबेगाव उठलं. माणसं गेली, दुकानांच्या फळ्या ट्रकमध्ये गेल्या, भिंती तिथेच राहिल्या. शेवटच्या दिवशी आईने त्या चुलीवर स्वयंपाक केला आणि मला भरून पाठवलं. त्यानंतर ती मुलाकडे पुण्याला राहिली आणि दोन पावसाळ्यांत वारली. माझ्या खेपा संपल्या. सुंदरबाईने मला फळीवर ठेवलं, पण रिकामं ठेवलं नाही. तळाच्या पुडात ती गुळाचा एक खडा टाकून ठेवायची.

पुढे तिला साखरेचा आजार झाला. गूळ बंद झाला, गोळ्या सुरू झाल्या. घरात सून आली, चेतना. ती स्वभावाने चांगली आहे. तिने गरम राहणारे नवे डबे आणले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे उंदरांच्या आवाजात मी बरीच वर्षं काढली. तक्रार नाही. नवी भांडी आली की जुनी वर जातात.

मागच्या एप्रिलमध्ये मला खाली काढलं.

झालं असं, की पुण्याच्या कोणा मालकाने धरणाच्या पाण्यात एक मोठी लाँच आणली. खाली बसायची जागा, वर गच्ची, सगळीकडे रंगीत दिवे. तिला तो क्रूझ म्हणायचा. इंदरचंदचा नातू अंकित सोळा वर्षांचा आहे. त्याने मोबाईलवर तिची जाहिरात पाहिली आणि जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली. लहानांसाठी जादूचे प्रयोग आणि चेहऱ्यावर रंगकाम. तरुणांसाठी डीजे आणि फोटो काढायची खास जागा. मोठ्यांसाठी हाउझी, चहा आणि सूर्यास्त. सगळ्या कुटुंबाला एकाच ठिकाणी आनंद, असं शेवटी लिहिलं होतं. आठ वर्षांची हर्षा लगेच म्हणाली की तिला फुलपाखरू काढून घ्यायचं आहे. चेतनाला हाउझी आवडते. बंटीला दुकानातून एक दिवस बाहेर पडायचं होतं.

सुंदरबाईने एकच विचारलं. ती लाँच जुन्या आंबेगावपर्यंत जाते का? अंकितने फोन लावून विचारलं. जाते म्हणाले. पाणी उतरलं आहे, भिंतींचे माथे दिसतात, तिथे वळसा घालून येते.

दुसऱ्या दिवशी सत्तरी ओलांडलेली सुंदरबाई स्टुलावर चढली आणि तिने मला स्वतः खाली काढलं. चिंचेने घासलं. मी इतका उजळलो की माझ्या झाकणात खिडकी दिसायला लागली. जायच्या दिवशी तिने सकाळपासून रांधलं. मेथीच्या दशम्या, गट्ट्याची भाजी, मुगाची खिचडी आणि तळाला लापशी. दुपारी मात्र ती नीट जेवली नाही. ताक प्यायली आणि उठली. इंदरचंदने विचारलं तेव्हा म्हणाली, "आज माहेरी जेवायचं आहे. पोट भरून कोण माहेरी जातं?"

"वाढणार कोण आहे तिथे?" तो म्हणाला. "आता मासे राहतात त्या घरात."

"राहू देत. माझ्या वडलांचे भाडेकरू आहेत ते."

घरात सगळे हसले. मला आठवतं, मीही त्या दिवशी फार खूश होतो. माझ्या अंगावरच्या गावाला मी पुन्हा जाणार होतो.

आम्ही पाचला डिंभ्याच्या धक्क्यावर पोचलो. इंदरचंदने खिशातून सुंदरबाईची गोळी काढली. रोज जेवणाआधी अर्धा तास तो तिला ती स्वतः द्यायचा. साडेपाचला जेवायचं म्हणून पाचला गोळी. तिने ती घेतली आणि वर दोन घोट पाणी प्यायली. मित्रांनो, ही गोळी लक्षात ठेवा. ती रक्तातली साखर खाली आणते आणि मागून जेवण येईल असं धरून चालते. जेवण आलं नाही तर ती थांबत नाही.

लाँच चालवायला चांगदेव होता. साठीचा, सडपातळ, डोक्याला टोपी. सुंदरबाई माझ्यासकट त्याच्या जवळच्या बाकावर बसली. तिने त्याला विचारलं की तू कुठला. तो म्हणाला, डिंभ्याचा, पण आईचं बाजारहाट सगळं आंबेगावला. मग तिने आपल्या वडलांचं नाव सांगितलं आणि त्याने चाकावरचा एक हात काढून कपाळाला लावला.

"त्यांच्या दुकानातनं माझी आई मीठ न्यायची," तो म्हणाला. "मापाच्या वर एक मूठ घालायचं म्हातारं. म्हंजी तुमी गावची लेक. ताई, मंग तुमाला तिकिट कशाला काढाय लावलं ह्यांनी?"

"माहेरी यायला तिकीट लागतं, असे दिवस आले भाऊ."

"लई वाईट दिस," चांगदेव म्हणाला आणि हसला.

दोघं बोलत राहिली. दुकानासमोर कवठाचं झाड होतं की चिंचेचं, यावर त्यांचा वाद झाला. चांगदेव म्हणाला, ते झाड मी कालच पाहिलं, खोड अजून उभं आहे, दाखवतो. अर्ध्या तासाचा रस्ता होता. माझ्या झाकणावर ऊन पडलं होतं आणि सूर्य चांगला वर होता.

पंधरा मिनिटांनी लाँच थांबली.

लहान मुलांची जादू सुरू झाली होती आणि लाँच हलली की जादूगाराच्या टेबलावरचे पेले पडत होते. म्हणून त्याने ती थांबवायला सांगितलं. मग चेहरे रंगवणं सुरू झालं. हर्षाचा नंबर शेवटून दुसरा होता. रंगवणाऱ्या मुलीने सांगितलं की हलत्या बोटीत फुलपाखराचे पंख वाकडे होतील. हर्षा धावत दादीकडे आली. दादी, पाच मिनिटं थांबूया ना? सुंदरबाई म्हणाली, चालेल.

पाच मिनिटांची वीस झाली. लाँच पुढे निघाली. मग गच्चीवर डीजे सुरू झाला आणि तरुण पोरांनी ओरडून सांगितलं की इथला उजेड छान आहे, इथेच थांबवा. अंकित खाली आला. घामाघूम झाला होता, आनंदात होता. दादी, एकच व्हिडिओ, पाच मिनिटं. ती म्हणाली, चालेल.

इंदरचंद म्हणाला की आता इथेच जेवून घे. त्याने मला मांडीवर घेतलं आणि माझ्या पट्टीला हातही लावला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "दोन वळणं राहिली आहेत म्हणे. आता इतकं आलो तर तिथेच उघडू." त्याने हात काढला.

मी बंद राहिलो. डब्याला स्वतःचं झाकण उघडता येत नाही.

मग हाउझी. चेतनाला एक आकडा हवा होता आणि तो येत नव्हता. पहिला डाव संपला, लोकांनी दुसरा मागितला. आकडे ऐकू यावेत म्हणून इंजिन बंद ठेवलं होतं. चांगदेवने दोनदा मागे वळून विचारलं, "फुडं न्यायची का न्हाई?" बऱ्याच जणांनी हात हलवून थांब म्हटलं. चेतना तिथूनच म्हणाली, बाई, एवढा डाव होऊ द्या, तुम्हाला उशीर तर होत नाही ना? सुंदरबाई म्हणाली, चालेल.

त्या लाँचवर वाईट कोणीच नव्हतं. कुठे तरी सापडला असता तर मी तुम्हाला सांगितला असता. प्रत्येकाने पाच मिनिटं मागितली आणि मागितली तीही विचारून. पण ती सगळी मिनिटं एकाच माणसाच्या वाट्याची जात होती, हे कोणी मोजलं नाही.

माझ्या झाकणावरचं ऊन सरकत कडेला गेलं. मग मुठीवर आलं. मग गेलं.

मी डोंगराकडे पाहिलं. सूर्य कड्यामागे गेला होता. आकाश उजळ होतं, पाणी उजळ होतं, माणसांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. गच्चीवरून कोणी तरी ओरडलं की सूर्यास्ताचा फोटो राहिला. मोठ्यांसाठी ठेवलेला कार्यक्रम तो. तेवढा कोणाचं लक्ष नसताना होऊन गेला होता.

आता सगळ्यांना आठवण झाली. बंटी धावत आला. त्याने माझी एक पट्टी सोडली. सुंदरबाई म्हणाली, "राहू दे. दिवस गेला."

बंटीने मोबाईल दाखवला. "बाई, कुठे गेला? सूर्यास्त सहा छप्पनला आहे. अजून अर्धा तास आहे. घरी आपण कॅलेंडरच बघतो ना?"

"घरी कॅलेंडर. इथे माझी आई डोंगर बघायची." तिचा आवाज शांत होता. "माहेरच्या पाण्यावर बसून आईची रीत मोडू?"

बंटीने वडिलांकडे पाहिलं. चेतना आली, हातात हाउझीचं तिकीट तसंच. ती म्हणाली, निदान दोन घास. सुंदरबाईने ओठ मिटून मान हलवली. तिच्या कपाळावर घाम होता. वारा सुटला होता, बाकीचे लोक अंगाभोवती ओढण्या घेत होते, आणि तिला घाम आला होता. तिचा हात माझ्या झाकणावर होता आणि झाकण बारीक वाजत होतं. आधी मला वाटलं इंजिन सुरू झालं. इंजिन बंदच होतं.

हे आधी चांगदेवने पाहिलं. त्याने खिशातून चण्या-गुळाची पुडी काढली आणि चाक सोडून तो बाकापाशी आला.

"ताई, वाईच गूळ टाका तोंडात. तुमचा रंग बरा दिसंना मला."

"दिवस गेला, भाऊ. तुला तर माहीत आहे आमच्याकडचं."

चांगदेव इंदरचंदकडे वळला. "शेठ, तुमी सांगा. तुमचं ऐकतील."

मित्रांनो, सगळं इथे येऊन थांबलं होतं. इंदरचंदला दोन गोष्टी माहीत होत्या. पाचला आपण गोळी दिली, ही एक. आणि आजारी माणसाला नियमात मोकळीक असते, ही दुसरी. ती त्याने प्रवचनात कित्येकदा ऐकली होती. औषध असो, अन्न असो, जिवावर बेतलं तर घ्यावं, त्याने नियम मोडत नाही. एवढं त्याने म्हणायचं होतं. पण भोवती पंधरा-वीस माणसं उभी होती, काही जण मोबाईल धरून. आणि त्याला वाटलं, बायकोच्या आईच्या घराच्या दारात आपण तिला खाली पाहायला लावू नये.

तो म्हणाला, "लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. तिचा नियम मी कधी मोडला नाही. जबरदस्ती करू नका तिला."

सुंदरबाईने त्याच्याकडे पाहिलं. ती खूश झाली होती, हे मी शपथेवर सांगतो. तिने डोकं त्याच्या खांद्याला टेकलं. लोकांना वाटलं म्हातारी दमली. बंटीने सोडलेली पट्टी पुन्हा आवळली, घाईत जोराने आवळली, तेव्हापासून ती वाकलेली आहे.

चांगदेवने पुडी खिशात टाकली. दिवेलागण होत आली होती आणि अंधारात त्या वळणांवर लाँच न्यायची परवानगी नव्हती. त्याने तोंड माघारी फिरवलं. परतताना डीजे चालू होता. सुंदरबाई एकदा काही तरी बोलली. आईला हाक मारली असं मला ऐकू आलं. इंदरचंदला वाटलं ती झोपेत आहे, म्हणून त्याने तिला हलवलं नाही. खांदाही हलवला नाही. माझ्या तळाच्या पुडात गुळातली लापशी होती. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर.

लाँच धक्क्याला लागली तेव्हा ती उठली नाही. धावपळ झाली. बंटीने आणि चांगदेवने तिला उचललं, अंकितने गाडी धक्क्यापर्यंत आणायला लावली, हर्षा रडत होती आणि तिच्या गालावरचं फुलपाखरू पुसलं जात होतं. गाडी मंचरकडे गेली. मी बाकाखाली राहिलो.

दवाखान्यातलं मी पाहिलं नाही. नंतर घरात ऐकलं. साखर फार खाली गेली होती, पोचायला उशीर झाला, हृदयाने साथ दिली नाही. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी जेवल्या होत्या? इंदरचंद म्हणाला, दुपारी ताक प्यायली होती.

बाकीचं थोडं आहे. त्या सकाळी चांगदेव मला देऊन परत गेला नाही, ओट्यावर बसून राहिला. निघताना तो इंदरचंदला म्हणाला, "माहेरचा डबा म्हनून मी घेऊन आलो, शेठ. घ्यायला ताई ऱ्हायली न्हाई." चेतनाने माझ्यातलं आंबलेलं अन्न काढलं. ते काढताना ती खूप रडली. आठवड्याने घरी जैन साधू, महाराजसाहेब, आले. बंटीने विचारलं, की डोंगराआड सूर्य गेला तर दिवस मावळला का. ते म्हणाले, तो प्रश्न नंतरचा, आधी आजारपण. त्याला मोकळीक आहेच. इंदरचंद कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "मला माहीत होतं."

मला मात्र त्याने माळ्यावर जाऊ दिलं नाही. ज्याने आयुष्यात कधी कप विसळला नव्हता, तो मला आठवड्यातून एकदा चिंचेने घासतो. वाकडी पट्टी सरळ करायला बंटी नेणार होता, त्याला नेऊ दिलं नाही. तळाच्या पुडात गुळाचा खडा ठेवतो. त्याची लापशी आधी करपायची, आता जमते.

मित्रांनो, मी डबा आहे. मला शहाणपण फार नाही. पण एक मागणं आहे. सहलीला जाल, बोटीत बसाल, खूप मजा करा. हर्षाच्या फुलपाखराला मी नावं ठेवत नाही. फक्त निघताना आपल्या घरात डबा कोणी भरला ते बघा, आणि तो माणूस जेवला का ते विचारा. "चालेल" म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा एकदा विचारा. तुमच्या घरात कोणी गोळी घेत असेल तर ती कशाची आहे आणि तिच्यामागून काय खायचं असतं, हे माहीत करून घ्या. आणि कोणाचा मान राखायला गप्प बसायची वेळ आली, तर आधी त्याच्या कपाळावरचा घाम बघा.

चांगदेवने निरोप पाठवला आहे की कधीही या, लाँच नको, माझ्या होडीने नेतो, दिवस डोंगराच्या बराच वर असताना पोचू. इंदरचंदने दोनदा मला भरलं. पहिल्यांदा पाऊस सुरू झाला. दुसऱ्यांदा, दिवाळीनंतर, तो मला घेऊन घोडेगावच्या स्टँडवर गेला. डिंभ्याची गाडी आली, उभी राहिली आणि गेली. तो बाकावरून उठला नाही. संध्याकाळी चेतना शोधत आली आणि आम्हाला घरी घेऊन गेली. तिने आधी त्याला विचारलं, जेवलात का.

आता पुन्हा एप्रिल आला आहे. पाणी उतरलं आहे आणि भिंतींचे माथे दिसायला लागले आहेत, असं चांगदेवने कळवलं आहे. माझ्या अंगावर आंबेगाव लिहिलेलं आहे. तिथे अजून मला परत कोणी नेलेलं नाही.